डोलीतला कचरा आणि कोळणींचा वेळ: प्रकल्प नोंदी, वेसावे-मढ, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

प्रकल्पाची हद्द आज नक्की केली. मुंबईतल्या मालाड खाडीचं तोंड, अलीकडे वेसावे (वर्सोवा) कोळीवाडा, पलीकडे मढ, मध्ये तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येते, ओशिवरा आरेच्या बाजूने. दोघी कांदिवली, गोरेगाव, जोगेश्वरीच्या वस्त्या ओलांडत याच खाडीच्या वाटेने समुद्राला मिळतात. पश्चिम उपनगरांनी गटारात आणि नाल्यात जे टाकलं ते ओहोटीबरोबर इथून बाहेर पडतं, आणि बाहेर दर्यात कोळ्यांच्या डोली, म्हणजे एका जागी बांधलेली पिशवीसारखी जाळी, लागलेल्या असतात.

वेसाव्याचा किनारा देशाला ठाऊक झाला तो सफाईमुळे. अफरोझ शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात ते काम सुरू केलं, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला आणि २०१८ च्या मार्चमध्ये इथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे चालत गेली. त्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण वाळूवर दिसतो तो लाटांनी बाहेर टाकलेला कचरा. पाण्यात राहिलेला कचरा कोळी उचलतात, त्यांच्या जाळ्यांनी, आणि त्यात त्यांचं काय जातं याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. आमचं काम त्या हिशेबापुरतं.

सोबत महाविद्यालयातली मुलं आहेत. कोळीवाड्यातल्या दोन मावश्या घरोघरी ओळख करून देणार आहेत. त्यांच्यावाचून एकही अंगण आमच्यासाठी उघडणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे कागदावर ती आठवड्यापूर्वीच संपली. तरी दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी न काढणारे नाखवा, म्हणजे होडीमालक, इथे पुष्कळ. आज काम ठेवलंच नव्हतं. मिरवणुकीत एका तांडेल (होडी चालवणाऱ्या प्रमुख) काकांशी ओळख झाली. गणपतीआधी जाळी बघायला या म्हणाले.

१६ ऑगस्ट, शनिवार

जिनिव्हातली प्लास्टिक कराराची बोलणी काल तडजोडीविना संपली. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठराव झाला तेव्हा २०२४ च्या अखेरीस करार व्हायचा होता. बुसानला जमलं नाही, आता जिनिव्हालाही नाही. भांडण मुख्यतः एका प्रश्नाचं: प्लास्टिक तयार करण्यावरच मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याची विल्हेवाट सुधारायची? डोलीच्या शेपटाशी उभं राहून पाहिलं तर दुसरा पर्याय पुरेसा वाटत नाही. महाराष्ट्राची बंदी २३ मार्च २०१८ ची, केंद्राची एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ची. दोन्ही हव्याच होत्या. पण वेफर्सची, गुटख्याची, शांपूची पाकिटं या याद्यांत बसत नाहीत, आणि खाडीतून येतात ती मोठ्या संख्येने तीच.

नोंदीचा तक्ता तयार केला. पातळ पिशव्या, पाकिटं, दोर आणि जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, बाटल्या, इतर. प्रत्येकासमोर वजन. काटा टांगायचा, साधा.

२० ऑगस्ट, बुधवार

परवा आणि काल मुंबईला पावसाने झोडपलं. मिठी नदीने धोक्याची पातळी ओलांडली, कुर्ल्यात माणसं हलवावी लागली. बातम्या तिथे संपल्या. आज सकाळी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गेलो. पाणी गढूळ तपकिरी, मधोमध कचऱ्याचा लांबलचक पट्टा वाहत होता: थर्माकोलची खोकी, चपला, बाटल्या, गादीचा फोम, जलपर्णीत गुंतलेल्या पिशव्या. शहरात पाणी ओसरलं म्हणून सुटकेचा श्वास घेतात, तेव्हा ते ओसरून इथे येत असतं.

महापालिकेने काही नद्या-नाल्यांवर तरंगते अडसर लावले आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण तो तरंगणाऱ्या वस्तूंपुरता. बाटली तरंगते, थर्माकोल तरंगतं. पातळ पिशवीत मात्र चिखल भरतो, ती जड होते, बुडते, आणि पाण्याच्या मधल्या थरातून किंवा तळालगत सरकत राहते. अडसराखालून निघून जाते. किनाऱ्यावरच्या सफाईतही ती कमीच सापडते, कारण लाट तिला सहज वर टाकत नाही. आणि डोलीचं तोंड उघडं असतं ते नेमकं त्या थरांत. म्हणून किनारा स्वच्छ दिसू लागला तरी डोली स्वच्छ होत नाहीत. तांडेलांना हे तोंडपाठ आहे. आमच्या मुलांना आज ते कागदावर काढून पाहावं लागलं.

२४ ऑगस्ट, रविवार

तांडेल काकांच्या अंगणात गेलो. डोल जमिनीवर पसरली की तिचं आकारमान कळतं. तोंडाकडची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठी, हात आरपार जाईल अशी. मागे मागे ती बारीक होत जाते, आणि शेवटच्या खोल्याशी, म्हणजे माल साठतो त्या शेपटाशी, बोटही जात नाही. ट्रॉलर जाळं ओढत माशांमागे जातो. डोल एका जागी असते, तळाशी बांधलेली, वर पिंपांच्या बोया. भरती-ओहोटीचा ओढ तिचं तोंड उघडतो आणि प्रवाह जे आणेल ते आत जातं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी, सगळं याच रीतीने मिळतं. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरात, तेव्हा डोली लागतात. भांगेत पाणी मंदावतं, तेव्हा जाळी दुरुस्त होतात.

प्रवाहावर जगणाऱ्या या जाळ्याला प्रवाहातली पिशवी चुकवता येत नाही. काकांनी समजावलं ते असं: खोल्याच्या बारीक आसेवर पिशव्या आतून चिकटतात. पाणी आरपार जाईनासं होतं. डोल जाळं राहत नाही, पाण्यासमोर भिंत होते. दोरांवर ताण येतो, कधी दोर तुटतो, कधी जाळं फाटतं. आणि पाणी आत शिरायचं थांबलं की म्हावरंही बाहेरच्या बाहेर वळतं. म्हणजे फाटलेल्या जाळ्याचं नुकसान दिसतं तरी. न आलेल्या माशांचं कुणाला दाखवणार?

काकांचे वडील सुताच्या आणि तागाच्या जाळ्यांच्या काळातले. नायलॉन आलं तेव्हा सगळ्यांनी आनंदाने घेतलं. कुजत नाही, वाळवत बसावं लागत नाही. आज डोलीही प्लास्टिकच्याच धाग्याच्या आहेत, आणि तुटलेले निळे-हिरवे दोर कोळ्यांचेच आहेत. काकांनी हे स्वतःहून सांगितलं. तक्त्यात दोर-जाळ्यांचा रकाना वेगळा ठेवला आहे तो याचसाठी. आपला भाग किती, शहराचा किती, हे त्यांनाही हवं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन आटोपलं, उधाण चालू आहे. पहाटे पाचच्या आत होडी सुटली. आमच्यातले दोघेच, बाकी तांडेल आणि खलाशी. मध्यरात्रीनंतर लागलेली ओहोटी सातच्या सुमारास संपणार, पाणी उभं राहणार आणि तेवढ्या वेळात डोली उचलायच्या. डोल उचलण्याचं सगळं गणित या थांबलेल्या पाण्यावर आहे. ते फिरलं की ओढ उलट्या दिशेने लागतो आणि जाळं हातात राहत नाही.

पहिल्या डोलीचा खोला वर आला तेव्हा तो माशांच्या खोल्यासारखा लवचीक नव्हता. गच्च, काळा. चौघांनी जोर लावूनही काठावर येईना. तांडेलांनी क्षणभर पाहिलं आणि तो होडीला बांधून ठेवायला सांगितलं, तोवर दुसऱ्या डोलीकडे. खोल्याची दोरी सोडून सगळं पाण्यात रिकामं करण्याची वेळ त्यांच्यावर अनेकदा आली आहे. त्यात म्हावरंही जातं. आज शेवटी अर्धं पाण्यातच ठेवून टप्प्याटप्प्याने ओढलं. चिखल भरलेल्या पिशव्या, त्यांच्यात दबलेले बोंबील, मध्ये मध्ये जवळ्याचा गुलाबी थर. बोंबलाच्या अंगात दहात नऊ भाग पाणीच. त्याला वजन सोसत नाही. दबला की तोंड फुटतं, पोट फुटतं, आणि तो पापलेटच्या शेजारी मांडायच्या लायकीचा राहत नाही.

मी विचारलं, कचरा इथेच निवडून टाकला तर? खलाशांतला सगळ्यात तरुण म्हणाला, "दर्यान टाकला तर उद्याच्याला परत आमच्याच डोलीन येनार." शिवाय निवडायला वेळ कुठे आहे? पाणी उभं आहे तेवढ्यात पुढच्या डोली उचलायच्या. म्हणून सगळं एकत्र पाट्यांत भरून किनाऱ्यावर. म्हणजे डिझेल जळतं त्यात कचऱ्याची वाहतूकही आली, होडीतली जागाही त्याची, बर्फही थोडा त्याच्यावर जातो.

परतताना काकांनी सांगितलं की खाडीच्या तोंडाजवळच्या जागा काही घरांनी सोडल्या. जागा पिढ्यांपासून ज्याच्या त्याच्या ठरलेल्या, त्या सोडणं हलकं नसतं. लांब गेलं की कचरा कमी, पण डिझेल जास्त, आणि लहान होडीवाल्याला ते परवडत नाही. म्हणजे कचऱ्यात अडकून पडतो तो ज्याची होडी लहान तो.

१० सप्टेंबर, बुधवार

आजच्या दिवसाने प्रकल्पाचं मोजमापच बदललं, म्हणून सविस्तर.

दहाच्या सुमाराला माल उतरला. अंगणात ताडपत्री, तिच्यावर पाट्या उलट्या केल्या आणि सात-आठ बायका भोवती बसल्या. काही घरच्या, काही मजुरीवर आलेल्या. आधी मोठे बोंबील वेगळे, मग मांदेली, वाकटी, ढोमा, करंदी. हे निवडणं नेहमीचंच आणि त्यांचे हात इतके सराईत की बघताना कळतही नाही. हात अडतो तो पिशवीशी. पिशवी उचलायची, झटकायची, तिच्यात अडकलेली करंदी काढायची, गाठ मारलेली असेल तर सोडून बघायची, मग टाकायची. पाकिटांच्या आत जवळा शिरतो. तोही काढायचा. काचेचा तुकडा, सुई, ब्लेड, हेही निघतं. एका मावशीच्या तर्जनीवर जुनी पट्टी होती, पाण्याने सुटलेली.

मी काट्यावर कचऱ्याची पाटी लावत होते. मावशी म्हणाल्या, "किलोचा काय लिवतेस बाय? माजा टायम गेला तो लिव."

आम्ही दोघी-तिघी गप्प झालो. कचऱ्याचं वजन महापालिकेला हवं, संशोधकाला हवं. पण या अंगणातून जे जातं ते वजनात मावत नाही. चिखल भरलेली पिशवी जड असते आणि दोन सेकंदांत बाजूला होते. ओंजळभर पाकिटं आणि दोऱ्याचा गुंता, वजन नगण्य, आणि त्यापायी अर्धा तास. त्याच अर्ध्या तासात बर्फ वितळतो. दुपारपर्यंत निवडणं चाललं तर सकाळचा बाजार गेलाच. अंधेरीत किंवा मालाडला पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला संध्याकाळचं गिऱ्हाईक मिळतं, पण मऊ पडलेल्या मालाला ते सकाळचा भाव देत नाही. त्यात दबलेला माल वेगळा काढला तर तो कुट्यात, म्हणजे खत नाहीतर कोंबड्यांचं खाद्य.

रात्री तक्ता नव्याने आखला. वजनाचा रकाना एकच. त्याच्या आधी दोन रकाने, कधी बसल्या आणि कधी उठल्या. पुढे: किती जणी, त्यांतल्या मजुरीवर किती, माल कुठल्या बाजारात कुठल्या वेळी पोचला. तुलनेसाठी अशी घरं घ्यायची ज्यांची एक डोल खाडीच्या तोंडाजवळ आणि एक लांब बाहेर आहे. त्याच बायका, तोच दिवस, तीच भरती, फरक फक्त जागेचा. मढच्या बाजूलाही अशी घरं आहेत असं मावशींचं म्हणणं. त्यांच्या जाऊबाई तिकडे आहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार

भांग. जाळी तुणायचे दिवस. एका नाखव्याच्या पडवीत मजुरीबद्दल समजून घेतलं.

निवडणाऱ्या बायकांना काही घरं पाटीवर पैसे देतात, काही रोजावर. पाटीवर असेल तर कचऱ्याचा भार मजूर बाईवर: पाटी तेवढीच, वेळ जास्त. रोजावर असेल तर भार नाखव्यावर. म्हणून पाटीवर यायला बायका आता राजी नाहीत, आणि हा वाद कोळीवाड्यात नवा आहे. घरच्या बायकांना तर पैशांचा प्रश्नच नाही. त्यांचा वेळ फुकट धरलेला आहे, पूर्वीपासून. पुरुषांकडे वाट्याची पद्धत: डिझेल, बर्फ, शिधा वजा जाता उरलं ते होडीचा वाटा आणि माणसांचे वाटे. त्यामुळे बाजार हुकला तर खलाशाचाही वाटा घटतो, पण तो घटतो हे निदान हिशेबात दिसतं. बाईचे तास हिशेबाच्या बाहेर राहतात. प्लास्टिकने मासेमारीचं किती नुकसान होतं असं कुणी विचारलं तर उत्तरातला बहुतेक भाग या न लिहिलेल्या तासांत आहे. माझं आता हे ठाम मत झालं आहे आणि पुढची प्रत्येक नोंद मी त्याच्याशी ताडून पाहणार आहे.

होडीच्या पंख्यात दोर अडकण्याच्या गोष्टी आज तिघांनी सांगितल्या. मशीन बंद पडतं, एकजण सुरी दातात धरून पाण्यात उतरतो. पावसाळ्यानंतरच्या वाऱ्यात होडी हलत असताना पंख्याखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. तक्त्यात याला रकाना नाही, मागच्या पानावर वेगळं लिहिणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अमावास्येनंतरचं उधाण, सकाळी खोल ओहोटी. आज डोली नाहीत, खाडीच्या आतल्या बायका. यांच्याकडे होडी नाही. तिसऱ्या, कालवं, खुबे, निवटे, फग (सापळा) टाकून चिंबोऱ्या: हाताने आणि चिखलात उतरून. कोळीवाड्यातल्या गरिबातल्या गरीब घराचं पोट या चिखलावर आहे, आणि मासेमारीच्या आकडेवारीत या बायका जवळजवळ दिसत नाहीत.

पूर्वी पाय टाकला की चिखल सांगायचा, इथे तिसऱ्या आहेत, इथे नाहीत. आता पायाखाली पिशव्यांचे थर लागतात, असं एक आजी म्हणाल्या. पाय घसरतो, नाहीतर पिशवीत अडकतो. थराखाली तिसऱ्या मरतात, कारण चिखलाला हवा-पाणी मिळत नाही. तिवरांच्या झाडाभोवती बोटांसारखी श्वसनमुळं वर आलेली असतात. त्यांच्यावर पिशव्या गुंडाळून बसल्या आहेत, ओहोटीला झाड सजवल्यासारखं दिसतं इतक्या. तिवर गुदमरलं की कोळंबीची आणि चिंबोरीची पिल्लं वाढायची जागा गेली. डोलीत उद्या काय येणार ते इथे ठरतं.

आजींच्या दोन्ही पायांवर चिरा होत्या. त्यांनी प्लास्टिकचे बूट घेऊन पाहिले, चिखल ते ओढून घेतो. अनवाणीच जातात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मढच्या सभेत एका तरुण नाखव्याने विचारलं, केरळसारखे पांढरे मणी आपल्याकडे आले तर? प्रश्न एमएससी एल्सा ३ या जहाजाचा. २५ मे २०२५ ला कोचीजवळच्या समुद्रात ते ६४३ कंटेनरांसह बुडालं. त्यांतले प्लास्टिकचे कच्चे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. बुडालेल्या जागेभोवती मासेमारी थांबवावी लागली आणि मासे विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरू लागलं. श्रीलंकेने हे आधी भोगलं आहे: एक्स-प्रेस पर्ल, २०२१, सुमारे १,६८० टन दाणे.

पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. केरळ सरकारने जहाज कंपनीवर ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यंदा जुलैत एक अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. जहाजाला नाव असतं, मालक असतो, विमा असतो. खाडीतून रोज येणाऱ्या पिशवीला यातलं काहीच नाही. पाकिटावर कंपनीचं नाव छापलेलं असतं खरं. २०२२ पासून केंद्राचे नियमही सांगतात की वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी घ्यावी. ती जबाबदारी टनांत मोजली जाते, आणि तेवढे टन देशात कुठूनही गोळा केले तरी चालतात. स्वच्छ, कोरडं, शहरातलं. डोलीतून निघालेल्या ओल्या, खारट, चिखलाने भरलेल्या पाकिटापर्यंत यायला कुणाला काही कारण नाही.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं की मणी आले तर त्याच दिवशी फोटो, जागा, वेळ आणि डोलीतला माल लिहून ठेवा. दावा लावायचा तर हीच कागदपत्रं लागतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

भंगारवाल्यांकडे दिवस गेला. बाटल्या घेतात. जाडे डबे, तुटक्या बोया, पिंपं घेतात. जाळी काही जण घेतात, स्वच्छ असेल तर. पिशव्या आणि पाकिटं कुणीच नाही. धुवायला गोडं पाणी लागतं, त्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणजे आमच्या तक्त्यात ज्यांच्यापायी सर्वांत जास्त वेळ जातो, त्यांनाच बाजारात किंमत नाही. त्या किनाऱ्यावर ढीग होऊन पडतात, आणि पुढच्या मोठ्या भरतीला त्यांतला काही भाग परत पाण्यात जातो. गोळा करून आणलेला कचरा ठेवायला बंदरावर बंद तोंडाची जागा नाही, हे आज तीन ठिकाणी ऐकलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुकवणीचे दिवस. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले, खाली जवळा पसरलेला.

जवळ्यात प्लास्टिक कसं निघतं ते आज नीट पाहिलं. ओला जवळा जवळजवळ पारदर्शक, आणि पातळ पिशवीचे झिजलेले तुकडेही तसेच. ओल्यात ते वेगळे ओळखू येत नाहीत. दोन दिवस ऊन लागलं की जवळा गुलाबी-तांबूस होतो, अपारदर्शक होतो, आणि तुकडा तसाच चकचकत राहतो. म्हणून खरं निवडणं वाळल्यावर, उन्हात बसून. सूप घेऊन पाखडलं तर? ते करून झालंय, मावशी म्हणाल्या. तुकडा उडतो तसा जवळाही उडतो. दोन्ही हलके. शेवटी डोळे आणि बोटं.

निळे दोरे मात्र लगेच दिसतात. आमच्या मुलांपैकी एकीने निवडलेल्या जवळ्यातून पुन्हा मूठभर घेऊन भिंगाखाली पाहिलं, त्यातही धागे होते. त्याहून बारीक काय असेल ते आमच्या साधनांत दिसत नाही, आणि त्यावर या वहीत मी काही लिहिणार नाही. गिऱ्हाईकाच्या भीतीने जवळ्याचा भाव पडला तर तोही भार या बायकांवरच येईल, म्हणून जेवढं डोळ्यांनी दिसलं तेवढंच.

तुलनेच्या घरांच्या नोंदी आज मांडून पाहिल्या. जिथे दोन्ही डोलींचा माल एकाच दिवशी आला, तिथे खाडीजवळच्या डोलीला प्रत्येक वेळी जास्त वेळ लागला आहे. पावसानंतरच्या पहिल्या उधाणांत फरक सर्वांत मोठा, दिवाळीच्या सुमाराला कमी. आकडा जाहीर करायला अजून नोंदी हव्यात, किमान मेपर्यंतचा पूर्ण हंगाम. पण दिशा पक्की आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जागतिक मच्छीमार दिन. मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात मावश्यांनी स्वतः तक्ता वाचून दाखवला. मी फक्त कागद धरला होता. पुरुषांच्या रांगेतून एक नाखवा उठून म्हणाले की घरी बसून एवढे तास जातात हे त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी तिथेच होत्या. पुढची बराच वेळ चर्चा मजुरी पाटीवर की रोजावर यावरच चालली. चांगली झाली. निर्णय झाला नाही.

केरळचं दुसरं उदाहरण मी आज सांगितलं, हे बुडालेल्या जहाजाचं नव्हे. कोल्लमजवळ नीन्दकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक पिशव्या भरून परत आणतात. बंदरावर ते धुऊन, निवडून, दळून रस्त्याच्या डांबरात घालतात. निवडायच्या कामावर मच्छीमार घरांतल्याच बायका, आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. यंत्र कुठलं, रस्ता कुठला, यापेक्षा मजुरीचं वाक्य ऐकल्यावर मागच्या रांगा पुढे सरकल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निवेदनाचा मसुदा. मावश्या, तांडेल काका आणि सोसायटीचे दोघे यांच्यासोबत बसून.

पहिली मागणी बंदरावर बंद तोंडाच्या पेट्या, गोड्या पाण्याचा नळ आणि निवडणाऱ्या बायकांना तासावर मजुरी. पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. वेष्टन आणणाऱ्या कंपन्यांच्या जबाबदारीतला वाटा किनाऱ्यावरच्या वसुलीसाठी राखून ठेवावा असं लिहिलं आहे.

दुसरी पंचनाम्याची. राज्य सरकारने यंदा एप्रिलमध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतात पाणी शिरलं की तलाठी येतो. कचऱ्याने फाटलेल्या डोलीचा पंचनामा मी अजून एकही पाहिलेला नाही. जाळ्याच्या भरपाईचं तत्त्व सरकारला नवं नाही. कासव, डॉल्फिन किंवा देवमासा सोडवायला जाळं कापलं तर कांदळवन कक्षाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई २०१८ च्या अखेरीपासून मिळते, फोटो आणि अर्जावर. तीच पद्धत इथे वापरता येईल.

तिसरी नोंदीची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुन्याने माल मोजते. त्या नोंदीत निवडायला लागलेल्या वेळाचा एक रकाना असावा. काकांना ही मागणी किरकोळ वाटली. मावशींनी ती पहिली लिहायला सांगितली, आणि तीच पहिली गेली. क्रम बदलून मसुदा टंकायला दिला.

डिसेंबरची पौर्णिमा ४ तारखेला. त्या उधाणाआधी मढच्या घरांसाठी कोरे तक्ते छापून न्यायचे, काट्याचा टांगायचा आकडा बदलायचा, आणि खाडीतल्या आजींच्या गटासाठी वेगळा तक्ता करायचा. त्यात बसल्या-उठल्याऐवजी चिखलात किती वाजता उतरल्या, किती वाजता वर आल्या, आणि टोपलीत काय होतं, हे लिहायचं. आजींना अक्षर येत नाही. त्यांची नात आठवीत आहे, ती भरून देणार.